सिंगल-एंडेड ईएल८४ : फीडबॅक आणि आउटपुट इम्पीडन्सच्या नोंदी

४ जानेवारी

ट्यूबच्या ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरची चॅसी तयार आहे. सिंगल-एंडेड, म्हणजे आउटपुटला एकच ट्यूब. पहिली स्टेज (ड्रायव्हर) ईसीसी८३ या ट्यूबचा एक ट्रायोड, म्हणजे एकाच ग्रिडचा; दुसरी ईएल८४, तीन ग्रिडचा पेंटोड; मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर. प्रायमरी ५ किलोओहम. सेकंडरीला ०, ४, ८ आणि १६ असे टॅप आहेत. ८ ओहमच्या टॅपवर वेढ्यांचे गुणोत्तर २५ ला १, म्हणजे इम्पीडन्सचे गुणोत्तर ६२५. प्रायमरीचा डीसी रेझिस्टन्स ३०० ओहम, ० ते ८ या सेकंडरीचा अर्धा ओहम. प्रायमरीचे ३०० ओहम ६२५ ने भागून पलीकडे नेले की साधारण अर्धाच ओहम होतात. म्हणजे वाइंडिंगचा मिळून १ ओहम कायमचा पदरात आहे, हे आधीच मनाशी धरून ठेवले.

ईएल८४ ला प्लेट ते कॅथोड २४५ व्होल्ट, करंट ४५ मिलिअँपिअर. प्लेटवर ११ वॅट होतात. मर्यादा १२ ची आहे.

या प्रकल्पात मला एकाच प्रश्नाचा छडा लावायचा आहे: फीडबॅक (आउटपुटचा काही अंश मागे परत देणे) कुठून घेतला आणि कुठे दिला, यावर आउटपुट इम्पीडन्स (स्पीकरच्या बाजूने दिसणारा अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अडथळा) किती बदलतो, आणि त्याच्या बदल्यात काय मोजावे लागते. वॅट किती निघतात हा प्रश्न इथे दुय्यम आहे. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि ट्यूब तेच ठेवून फक्त फीडबॅकच्या वाटा बदलत जायच्या, म्हणजे तुलना खरी होईल.

स्पीकरचा इम्पीडन्स आजच मोजून ठेवला. नाव ८ ओहमचे. व्हॉइस कॉइलचा डीसी रेझिस्टन्स ६ ओहम, ५५ हर्ट्झच्या रेझोनन्सवर शिखर ४० ओहमचे, २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत कमी ६.५, मग कॉइलच्या इंडक्टन्समुळे हळूहळू चढत १० किलोहर्ट्झला १५ आणि २० किलोहर्ट्झला २२. अ‍ॅम्प्लिफायरला ‘८ ओहम’ नावाचा भार प्रत्यक्षात कधीच दिसत नाही, हे या वक्ररेषेकडे पाहिले की लगेच पटते.

६ जानेवारी

मोजण्याची पद्धत पक्की केली. पुस्तकी रीत अशी की भाराविना व्होल्टेज घ्यायचे, मग भार जोडून घ्यायचे, पहिल्याला दुसऱ्याने भागायचे, १ वजा करायचा आणि भाराने गुणायचे. ट्रायोडला हे चालते. पेंटोडला सिग्नल देऊन आउटपुट उघडे ठेवणे मात्र टाळलेलेच बरे: प्रायमरीवर व्होल्टेज वाटेल तसे उसळते आणि ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनवर बेतते. म्हणून मी उलट बाजूने जातो. इनपुट शॉर्ट करायचे, दुसऱ्या एका अ‍ॅम्प्लिफायरचा सिग्नल १०० ओहमच्या जाड रेझिस्टरमधून या अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट टर्मिनलात ढकलायचा, रेझिस्टरवरच्या व्होल्टेजवरून करंट काढायचा आणि टर्मिनलवर किती व्होल्ट उभे राहतात ते पाहायचे. १०० मिलिअँपिअर ढकलले आणि ३४० मिलिव्होल्ट आले, तर इम्पीडन्स ३.४ ओहम. फ्रीक्वेन्सी फिरवत गेले की अख्खी वक्ररेषा हातात येते, आणि ती महत्त्वाची आहे. फक्त १ किलोहर्ट्झचा आकडा सांगणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे.

बदल करताना दर वेळी वीज बंद, फिल्टर कपॅसिटर ब्लीडरने रिकामा, मीटरने खात्री, मगच हात आत. ३०० व्होल्टचा साठा कोणाची गय करत नाही.

९ जानेवारी

निव्वळ पेंटोड, फीडबॅक शून्य. डेटाशीटप्रमाणे ईएल८४ चा प्लेट रेझिस्टन्स ४० किलोओहमच्या आसपास. ६२५ ने भागून ६४, वाइंडिंगचा १ मिळवून ६५ ओहम यायला हवा. १ किलोहर्ट्झला मोजला तर ५१. फरकाचे कारण प्रायमरीचा इंडक्टन्स: १० हेन्री म्हणजे १ किलोहर्ट्झला सुमारे ६३ किलोओहम, सेकंडरीकडून पाहिले तर १०० ओहम, आणि तो समांतर बसलेला. उरलेले कोअरच्या लॉसने खाल्ले.

गंमत खालच्या फ्रीक्वेन्सीला आहे. ५० हर्ट्झला तोच इम्पीडन्स ५ ओहमच्या थोडा वर निघाला. कागदावर हा आकडा छान दिसतो, पण तो जवळजवळ पूर्ण इंडक्टिव्ह आहे. शंकूची हालचाल आवरायला ब्रेक लागतो तो रेझिस्टिव्ह भागाचा. इंडक्टन्सने करंट व्होल्टेजच्या मागे पाव फेरी पडतो आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून फेज पाहिल्याशिवाय इम्पीडन्सच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

स्पीकर जोडून टर्मिनलवर फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स घेतला. ५५ हर्ट्झवरचे शिखर इंडक्टन्सने गिळले, पण वरच्या बाजूला गिळायला कोणी नाही. २५० हर्ट्झच्या तुलनेत १० किलोहर्ट्झला ६ डेसिबल चढ. आवाज करकरीत आणि तळाला पोकळ येतो, आणि याचा दोष ट्यूबच्या ‘स्वभावा’वर ढकलला जातो. प्रत्यक्षात स्पीकरचा इम्पीडन्स वक्रच आपल्याला ऐकू येत असतो.

११ जानेवारी

आज स्क्रीन ग्रिडचे, म्हणजे पेंटोडच्या दुसऱ्या ग्रिडचे, दोन प्रयोग. स्क्रीन १०० ओहममधून थेट प्लेटला जोडली की ईएल८४ ट्रायोड होते. इम्पीडन्स ४.३ ओहम. मग स्क्रीन प्रायमरीच्या ४३ टक्क्यांच्या टॅपला, म्हणजे अल्ट्रालिनिअर: ६.८ ओहम.

हे आकडे आधीच कागदावर काढून ठेवले होते आणि जवळपास तसेच आले, कारण मागचे गणित एकाच ओळीत बसते. फीडबॅक म्हणजे प्लेटला समांतर आलेला एक जादाचा कंडक्टन्स. नव्या प्लेट रेझिस्टन्सचा व्यस्तांक म्हणजे जुन्याचा व्यस्तांक अधिक ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडच्या एका व्होल्टला प्लेटचा करंट किती बदलतो) गुणिले प्लेटवरच्या व्होल्टेजचा जो अंश ग्रिडवर परत येतो तो. ईएल८४ च्या पहिल्या ग्रिडचा ट्रान्सकंडक्टन्स ११.३ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. स्क्रीनचा म्यू (पहिली ग्रिड स्क्रीनपेक्षा किती पट प्रभावी) १९, म्हणून स्क्रीनचा ट्रान्सकंडक्टन्स ११.३ भागिले १९, सुमारे ०.६. ट्रायोड जोडणीत अंश पूर्ण १, तेव्हा जादाचा कंडक्टन्स ०.६ मिलिमो (मिलिअँपिअर प्रति व्होल्टचेच दुसरे नाव), म्हणजे अंदाजे १.७ किलोओहम समांतर. प्रत्यक्षात ट्रायोड म्हणून करंट जरा कमी ठेवल्याने तो २ किलोओहमच्या जवळ गेला. अल्ट्रालिनिअरला अंश ०.४३, म्हणून साडेतीन किलोओहम.

यातून एक गोष्ट लख्ख दिसते. ‘ट्रायोडला फीडबॅक नसतो’ हे वाक्य वारंवार कानावर पडते, पण ट्रायोडमध्ये प्लेटचे व्होल्टेज कॅथोडजवळच्या करंटवर सतत परत परिणाम करत असते. तो फीडबॅकच आहे, काचेच्या आत घडणारा. स्क्रीन प्लेटला जोडून आपण तोच बाहेरून परत आणतो. अल्ट्रालिनिअर जोडणी हाफलर आणि केरोज यांनी १९५१ मध्ये लोकप्रिय केली. टॅपची कल्पना त्याआधीच ब्लमलाइनच्या पेटंटात होती. टॅपचा टक्का वर-खाली करणे म्हणजे पेंटोड आणि ट्रायोड यांच्यामध्ये कुठे उभे राहायचे ते ठरवणे.

ट्रायोडमध्ये आउटपुट पॉवर पेंटोडच्या निम्म्याहूनही कमी राहते. तळ मात्र पुष्कळ खाली जातो. पेंटोडला भार आणि प्लेट रेझिस्टन्स मिळून सुमारे ५ किलोओहम दिसतात आणि १० हेन्रीसोबत ७०-८० हर्ट्झलाच उतार सुरू होतो; ट्रायोडला मिळून दीड किलोओहम, उतार २५ हर्ट्झच्या खाली. ट्रान्सफॉर्मर तोच, इंडक्टन्स तोच.

१६ जानेवारी

आजचा प्रयोग मला सर्वांत जास्त आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅथोडचा १५० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यावरचा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडपासून सोडवून सेकंडरीच्या गरम टोकाला जोडला. सेकंडरीचे दुसरे टोक ग्राउंडला. आता कॅथोड स्पीकरच्या व्होल्टेजवर स्वार आहे. ग्रिड वर गेली की प्लेटचा करंट वाढतो, सेकंडरीवर व्होल्टेज येते आणि ते कॅथोडला ग्रिडच्याच दिशेने उचलते. ग्रिड-कॅथोडमधला फरक तेवढा घटतो. हाच फीडबॅक.

सेकंडरीचे कोणते टोक ‘गरम’ धरायचे हे तपासूनच घ्यावे लागते. सिग्नल अगदी लहान, भार ८ ओहमचा रेझिस्टर, स्कोप टर्मिनलवर. योग्य टोकाला जोडले की आउटपुट एक तृतीयांश होते. उलट टोकाला जोडले की स्कोपचा पडदा भरून ऑसिलेशन दिसते, कारण लूप गेन (फीडबॅकच्या एका फेरीत सिग्नल किती पट होतो) २ आहे आणि धन फीडबॅकला १ सुद्धा पुरतो. लगेच बंद करून टोके फिरवायची. इथे स्पीकर जोडून तपासणी करू नये.

आता आकडे. गुणोत्तर २५ ला १ असल्याने प्लेटच्या व्होल्टेजचा फक्त ४ टक्के अंश कॅथोडला मिळतो. चार टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण ते पहिल्या ग्रिडच्या ११.३ च्या ट्रान्सकंडक्टन्सने गुणले जातात: ०.४५ मिलिमो. म्हणजे स्क्रीनला पूर्ण १०० टक्के प्लेट व्होल्टेज देऊन जे साधते, जवळजवळ तेवढेच इथे चार टक्क्यांत. शिवाय स्क्रीन स्थिर सप्लायवर राहते, त्यामुळे पॉवर पेंटोडचीच मिळते.

मोजलेला इम्पीडन्स ३.५ ओहम, ट्रायोडपेक्षा कमी. कारण पाहायला हवे. ट्रायोड आणि अल्ट्रालिनिअरमध्ये फीडबॅक प्रायमरीच्या बाजूला घेतला जातो, म्हणून वाइंडिंगचा १ ओहम फीडबॅकच्या बाहेर राहतो आणि जसाच्या तसा मालिकेत भर घालतो. इथे फीडबॅक थेट स्पीकरच्या टर्मिनलवरून घेतला आहे, त्यामुळे वाइंडिंगचा ओहमही लूपच्या आत आला. पाहिले तर आउटपुट ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर मिळून एक फॉलोअर झाला आहे, म्हणजे आउटपुट ग्रिडच्या मागोमाग जवळजवळ तेवढेच चालते. भाराविना गेन ०.९५, आणि ६५ ओहमचे १९ ने भागून ३.४.

किंमत ड्रायव्हर मोजतो. ८ ओहमवर ४ वॅटला ५.७ व्होल्ट लागतात. फीडबॅक नसताना ग्रिडला २.९ व्होल्ट पुरत होते, आता साडेआठ हवेत. ईसीसी८३ ला साडेआठ व्होल्ट, म्हणजे शिखर १२ व्होल्ट, मुळीच जड नाहीत. ३०० व्होल्टच्या सप्लायवर ती आरामात देते.

कॅथोडचा (प्लेट आणि स्क्रीन मिळून) ५० मिलिअँपिअर डीसी आता सेकंडरीतून वाहतो. अर्ध्या ओहमवर २५ मिलिव्होल्ट, स्पीकरच्या वाट्याला ४ मिलिअँपिअर. काळजीचे कारण नाही.

पीटर वॉकर यांनी १९५३ च्या क्वाड-२ मध्ये केटी६६ च्या कॅथोडमध्ये ट्रान्सफॉर्मरचे स्वतंत्र वाइंडिंग घातले ते याच तत्त्वावर. आजचे आकडे समोर ठेवून त्या आराखड्याकडे पाहिले की त्यातली काटकसर किती विचारपूर्वक आहे ते कळते.

१९ जानेवारी

प्लेट ते प्लेट. ईएल८४ च्या प्लेटवरून ४७० किलोओहम, मालिकेत डीसी अडवणारा कपॅसिटर, आणि ईसीसी८३ च्या प्लेटवर. ईसीसी८३ चा आउटपुट रेझिस्टन्स, तिचा १०० किलोओहमचा लोड आणि ग्रिड लीक (ईएल८४ च्या ग्रिडवरचा रेझिस्टर) मिळून ३५ किलोओहम. म्हणून ७ टक्के अंश परत येतो. प्लेट रेझिस्टन्स १.२ किलोओहम, टर्मिनलवर ३.० ओहम. त्यातला १ ओहम वाइंडिंगचा आणि या वाटेने तो कधीच हलणार नाही.

आकडा चांगला, पण ड्रायव्हरचे हाल. ४७० किलोओहमच्या एका टोकाला ईसीसी८३ चा सिग्नल आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या ५० पट, उलट दिशेचा. ड्रायव्हरला हा रेझिस्टर ९ किलोओहमचा भासतो. पूर्ण पॉवरला ड्रायव्हरने शिखराला अर्धा मिलिअँपिअर झुलवायचा, आणि तिचा एकूण स्थिर करंट ०.८. डिस्टॉर्शन लगेच दिसते. तिथे ईएफ८६ सारखा पेंटोड असता तर गोष्ट वेगळी झाली असती: करंट सोर्सला ९ किलोओहम जड जात नाहीत. माझ्या ईसीसी८३ सोबत ही वाट मी इथेच सोडतो.

२४ जानेवारी

ग्लोबल फीडबॅक, म्हणजे आउटपुटपासून थेट पहिल्या स्टेजपर्यंत. ईएल८४ चा कॅथोड पुन्हा ग्राउंडवर, निव्वळ पेंटोड, सेकंडरीचा ० टॅप ग्राउंडला. ८ च्या टॅपवरून ३.३ किलोओहम, ईसीसी८३ च्या कॅथोडखालच्या बायपास नसलेल्या १०० ओहमवर. भार ८ ओहम.

फीडबॅकशिवाय गेन १०५, फीडबॅकसह २६. म्हणजे १२ डेसिबल. आउटपुट इम्पीडन्स २.२ ओहम.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. १२ डेसिबल म्हणजे चारपट. ६५ ला ४ ने भागले तर १६ ओहम येतात. मग २.२ कुठून आले? सूत्रात जो लूप गेन घालायचा तो भाराविना असलेला, आणि पेंटोडचा भाराविना गेन भारासह गेनच्या नऊपट आहे. भारासह लूप गेन ३, भाराविना २८. ६५ भागिले २९, म्हणजे २.२. ट्रायोडच्या बाबतीत हे दोन गेन दीडपटीने वेगळे असतात, म्हणून तिथे हा फरक फारसा जाणवत नाही. पेंटोडच्या अ‍ॅम्प्लिफायरला ‘इतके डेसिबल फीडबॅक’ एवढेच सांगून आउटपुट इम्पीडन्सचा अंदाज बांधला तर तो साफ चुकतो.

पण नाण्याची दुसरी बाजू तीच आहे. भार काढला की लूप गेन नऊपट. १० किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हला ८ ओहमवर कडेला एकच छोटी लहर दिसत होती. भाराच्या जागी २२ ओहम ठेवले: चार-पाच लहरी. भार पूर्ण काढला, इनपुट शॉर्ट, आणि ७५ किलोहर्ट्झला अ‍ॅम्प्लिफायर आपणहून गाऊ लागला. २२ ओहम हा आकडा मी उगाच घेतला नव्हता. माझा स्पीकर २० किलोहर्ट्झला नेमका तेवढाच आहे. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स जिथे फेज फिरवू लागतात, त्या बाजूला सरकताना खरा स्पीकर लूप गेन ७ डेसिबलने वाढवतो. ८ ओहमच्या डमी लोडवर स्थिर दिसलेला अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरवर का बिथरतो, त्याचे उत्तर इथे आहे.

हॅरॉल्ड ब्लॅकना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना २ ऑगस्ट १९२७ ला हडसन ओलांडणाऱ्या फेरीबोटीत सुचली, ती टेलिफोनच्या रिपीटरचे डिस्टॉर्शन कमी करण्यासाठी. लूप कधी स्थिर राहतो याचा नियम नायक्विस्टनी १९३२ मध्ये मांडला. टेलिफोनच्या लाइनचा भार बऱ्यापैकी ठरलेला असतो. स्पीकर तसा नाही, आणि पेंटोड असेल तर भाराची प्रत्येक लहर थेट लूप गेनवर उमटते. विल्यमसननी १९४७ मध्ये २० डेसिबल फीडबॅक ट्रान्सफॉर्मरभोवती फिरवला तेव्हा आउटपुट ट्यूब ट्रायोड जोडणीत होत्या आणि ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग अत्यंत काटेकोर ठेवले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

२५ जानेवारी

कालच्या लूपला ३.३ किलोओहमवर ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला, आणि पहिल्या प्लेटवर रेझिस्टर-कपॅसिटरची पायरीही. २२ ओहमवरची लहर निम्मी झाली. आउटपुट उघडे असताना शांत राहण्यासाठी मात्र पायरी इतकी खाली आणावी लागली की १० किलोहर्ट्झच्या वर फीडबॅकच उरला नाही आणि तिथे आउटपुट इम्पीडन्स पुन्हा दोन आकडी झाला. कम्पेन्सेशन फुकट मिळत नाही. ते वरच्या फ्रीक्वेन्सीचा फीडबॅक विकून स्थैर्य घेते.

३० जानेवारी

करंट फीडबॅक, थोडक्यात. स्पीकरच्या ग्राउंडच्या बाजूला ०.२२ ओहम घालून त्यावरचे व्होल्टेज पहिल्या कॅथोडला दिले. ऋण दिशेने दिले की आउटपुट इम्पीडन्स वाढतो, धन दिशेने दिले की घटतो, शून्यातून पलीकडे जाऊन ऋणही होतो. १९५० च्या दशकात काही अ‍ॅम्प्लिफायरवर डॅम्पिंगचा नॉब असे, तो हेच करायचा. थोडासा ऋण इम्पीडन्स व्हॉइस कॉइलचा काही भाग रद्द करतो, हे कागदावर मोहक आहे. पण कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स बदलतो, आणि धन फीडबॅकने डिस्टॉर्शन वाढते. एका ठरावीक स्पीकरसोबत कायम राहणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरलाच ही पद्धत शोभेल. मी ०.२२ ओहम काढून ठेवला.

३ फेब्रुवारी

आता जोड. १६ तारखेची कॅथोडची वाट मुख्य ठेवायची आणि तिच्याभोवती हलकासा ग्लोबल लूप. कागदावर मांडताच अडचण समोर आली. ईएल८४ च्या कॅथोडला सेकंडरी तिच्याच ग्रिडच्या दिशेची हवी. पहिली स्टेज सिग्नल उलटवते, म्हणून पहिल्या कॅथोडला हवी नेमकी विरुद्ध दिशेची. एकाच टोकावरून दोन्ही घेता येत नाहीत. घेतले तर बाहेरचा लूप धन होतो.

एक उपाय म्हणजे बाहेरचा फीडबॅक पहिल्या ग्रिडवर देणे. पण मग पुढे व्हॉल्यूम कंट्रोल असेल तर तो फिरवला की फीडबॅकचे प्रमाणही फिरते. नको.

दुसरा उपाय ट्रान्सफॉर्मरवरच सापडला. न वापरलेला १६ चा टॅप. ग्राउंड ० ला न देता ८ च्या टॅपला दिले. स्पीकर ० आणि ८ च्या मध्ये, ० हे गरम टोक, तेच कॅथोडला. १६ चा टॅप ग्राउंडच्या पलीकडे पडतो, म्हणून त्याची दिशा आपोआप उलटी. ० ते ८ चे वेढे १ धरले तर ० ते १६ चे १.४१४, तेव्हा ८ ते १६ मध्ये ०.४१४. म्हणजे आउटपुटच्या ४१ टक्के, हव्या त्या फेजमध्ये, तयार मिळते. तिथून १.३ किलोओहम पहिल्या कॅथोडच्या १०० ओहमवर. स्पीकरची दिशा उलटते, ती टर्मिनलवर तारा फिरवून सरळ केली.

बाहेरचा फीडबॅक ६ डेसिबल, आतला ९.५. इम्पीडन्स १ किलोहर्ट्झला १.४ ओहम, १० किलोहर्ट्झला १.६.

मग एक पडताळणी कागदावर. हाच साडेपंधरा डेसिबल फीडबॅक सगळा ग्लोबल लूपमधून दिला असता तर? भारासह लूप गेन ५, भाराविना ४६, आणि ६५ भागिले ४७ म्हणजे पुन्हा १.४ ओहम. हुबेहूब तेवढाच. फीडबॅक टर्मिनलवरूनच घेतला असेल तर आउटपुट इम्पीडन्सला वाट कळत नाही, त्याला फक्त एकूण कळते. वाटेचा फरक पडतो तो इतरत्र. सगळे ग्लोबल असते तर उघड्या आउटपुटवर बाहेरच्या लूपचा गेन ५ वरून ४६ वर गेला असता. आत्ताच्या जोडणीत तो १ वरून दीडवर जातो, कारण आतल्या लूपने आउटपुट स्टेजचा इम्पीडन्स आधीच ३.४ वर आणून ठेवला आहे आणि भार बदलला तरी तिचा गेन फारसा हलत नाही. आतला लूप एका ट्यूबचा आणि एका ट्रान्सफॉर्मरचा, त्यात फेज फिरवणारे दुवे कमी, म्हणून तो स्वतः भक्कम आहे.

उलट बाजूने पाहिले तर ड्रायव्हरचे डिस्टॉर्शन आतल्या लूपच्या बाहेर राहते आणि त्याच्यावर फक्त ६ डेसिबलचाच हात फिरतो. सगळे ग्लोबल असते तर ड्रायव्हरला तिप्पट कमी झुलवावे लागले असते आणि त्याच्यावर साडेपंधरा डेसिबल आले असते. ड्रायव्हर १२ व्होल्टच्या शिखराला स्वच्छ आहे म्हणून हा सौदा मला परवडतो. आउटपुट ट्यूब ईएल८४ ऐवजी ३० व्होल्ट मागणारी असती, तर मी पुन्हा विचार केला असता.

८ फेब्रुवारी

स्पीकरवर पूर्ण तपासणी. टर्मिनलवर ५५ हर्ट्झचे शिखर सव्वा डेसिबल, १० किलोहर्ट्झचा चढ एका डेसिबलच्या आत. स्पीकरचा इलेक्ट्रिकल क्यू (जितका कमी, तितका शंकूला ब्रेक जास्त) म्हणजे (६ + १.४) भागिले ६, म्हणजे मूळच्या १.२३ पट, फक्त कॅथोडच्या वाटेवर असताना तो १.५७ पट होता. इम्पीडन्स आणखी अर्ध्यावर आणला तरी क्यू १.२३ वरून १.१२ वरच येईल, कारण व्हॉइस कॉइलचे ६ ओहम मालिकेतून हलत नाहीत. त्यासाठी बाहेरचा लूप वाढवण्यात मला अर्थ वाटत नाही.

स्क्वेअर वेव्ह ८ ओहम, २२ ओहम, उघडे आउटपुट आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा निव्वळ कपॅसिटर, सगळ्यांवर पाहिली. कपॅसिटरवर तीन लहरी येतात आणि विझतात. उघड्या आउटपुटवर इनपुट शॉर्ट असताना पूर्ण शांतता. प्लेटवरची पायरी काढून टाकली, १.३ किलोओहमवर ३३० पिकोफॅरड तेवढा ठेवला.

कान लावून ऐकले तेव्हा पहिल्या दिवसाचा करकरीतपणा गेलेला होता. तबल्याच्या डग्ग्याचा नाद दाबल्यावर जिथे थांबायला हवा तिथे थांबतो, आणि तानपुऱ्याच्या तारा एकमेकींत न मिसळता ऐकू येतात.

सेकंडरीवर सुरक्षेसाठी २२० ओहम, ५ वॅट कायमचा जोडला. १०० आणि १३०० ओहमच्या जागी १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर बसवले. उद्या दुसऱ्या चॅनलची तीच जोडणी.